जुनं ड्रिल मशीन: रंग शेवटी, आधी स्पिंडल बघा

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत. कोणाच्या घरी वडिलांचं जुनं ड्रिल मशीन पडून आहे, कोणी जुन्या बाजारातून उचलून आणलंय, कोणाला कंपनी बंद होताना मिळालंय आणि आता ते घरच्या वर्कशॉपमध्ये चालू करायचंय. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण खाली ती परत परत येणार आहे: ड्रिल मशीनचं काम म्हणजे स्पिंडल, म्हणजे ड्रिल फिरवणारा दांडा, सरळ फिरणं आणि टेबल त्याच्याशी काटकोनात असणं. हे दोन जमलं तर गंजलेला, रंग उडालेला डबासुद्धा नीट भोक पाडतो आणि हे नसेल तर वरून कितीही चकचकीत रंग मारा, भोक वाकडंच जाणार.

प्रश्न (सांगली): वडिलांचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड होतं, ते गेल्यापासून बंद आहे. आत बिडाचं (ओतीव लोखंडाचं) एक पिलर ड्रिल आहे, १३ एमएमचं असावं. सगळं गंजलंय, हँडल खाली येत नाही, टेबल हलत नाही, मोटर तर कोणीतरी काढूनच नेली. भंगारवाला वजनावर मागतोय. मला आणि मुलाला ते चालू करायचंय पण करण्यासारखं आहे का आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर: दादा, आधी भंगारवाल्याला नाही सांगा आणि मग पुढचं वाचा. बिडाला वरून गंज चढतो, दिसायला भयंकर दिसतो पण बहुतेक वेळा तो कातडीपुरताच असतो, आत बीड तसंच असतं. आणि मोटर नाही ही तर सगळ्यात छोटी अडचण आहे, मोटर कुठल्याही इलेक्ट्रिकल मार्केटमध्ये मिळते, हेड (स्पिंडल आणि पुली असलेला वरचा भाग) आणि कॉलम (उभा खांब) मिळत नाही.

करण्यासारखं आहे का ते ठरवायला हेडचं बीड फुटलंय का ते पहिलं बघा, आणि मुख्य म्हणजे कॉलमवर हेड आवळायची जी फट असते तिथे बघा कारण तिथला नट कोणीतरी कधीतरी पाइप लावून आवळलेला असतो. शंका वाटली तर ती जागा साफ करून रॉकेल चोळायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसून घ्यायचं आणि वर खडूची पूड लावायची, तडा असेल तर आतलं रॉकेल खडूतून बाहेर येऊन ओली रेघ उमटते. जुन्या फिटर लोकांची ही टेस्ट आजही तितकीच कामाची आहे. टेबलच्या ब्रॅकेटला तडा असेल तर पितळेने ब्रेझिंग करून निभावतं, हेडला स्पिंडलच्या बोअरपर्यंत तडा गेला असेल तर मात्र मी त्यात पैसे घालणार नाही. मग क्विल, म्हणजे स्पिंडल ज्या नळीत बसलेला असतो आणि हँडल फिरवल्यावर जी खाली येते ती, तिचे दाते तुटलेत का बघा. एखादा दाता झिजलेला चालतो, सलग तुटलेले असतील तर ते बनवून घ्यावे लागतील आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ते करून देणारे लोक आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारलंत तर मिळतील.

आता सोडवायचं कसं. घाई करायची नाही हा पहिला नियम आणि हातोडा बाजूला ठेवायचा हा दुसरा. प्रत्येक सांध्यावर डिझेल किंवा रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून सोडा, संध्याकाळी परत सोडा, दुसऱ्या दिवशी परत, जाम झालेला सांधा सुटायला ताकदीपेक्षा वेळ जास्त लागतो. टेबलचं ब्रॅकेट कॉलमला धरलं असेल तर वर-खाली ओढू नका, डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा, थोडंसं हललं की परत तेल आणि परत फिरवा. आवळायच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर ठोकून ती उघडायचा मोह होतो, तो टाळा, बीड वाकत नाही, सरळ तुटतं. आणि कुठलाही क्लॅम्प ढिला करायच्या आधी हेडच्या खाली लाकडाचा ठोकळा किंवा जॅक लावा, दोघं जण असा. हेड जड असतं आणि गंज अचानक सुटला की ते थेट टेबलवर किंवा हातावर येतं.

हँडलच्या दुसऱ्या टोकाला एक गोल टोपी दिसेल, तिच्यात घड्याळासारखी गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग असते, क्विल वर नेणारी. ती ताणलेली असते हे विसरू नका. टोपीवर आणि हेडवर मार्करने खूण करा, जाड कापडाने टोपी घट्ट धरा, नट थोडासाच ढिला करून टोपी खाचेतून बाहेर काढा आणि हातातच सावकाश उलटी फिरू द्या. चष्मा घालूनच. स्प्रिंग सुटली की क्विलला वर धरून ठेवणारं काहीच राहत नाही, त्यामुळे हँडलचा शाफ्ट बाहेर ओढताना मुलाला क्विल खालून धरायला सांगा नाहीतर ती खाली आपटेल. बऱ्याच मशीनमध्ये हेडच्या बाजूला लॉकनट लावलेला एक टोकदार स्क्रू क्विलच्या खाचेत बसलेला असतो, तो मागे घेतल्याशिवाय क्विल निघत नाही, लोक इथेच ठोकाठोकी करतात.

पुली निघत नसेल तर ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) काढून झाल्यावर त्याच भोकात परत एलन की घालून बघा. बऱ्याचदा आत दुसरा ग्रब स्क्रू असतो, पहिला फक्त त्याला लॉक करायला वरून लावलेला असतो. हे माहीत नसल्यामुळे किती पुल्या फुटल्यात त्याला गणती नाही. पुली पान्याने उचकटू नका, पुलर लावा.

आणि नट-बोल्ट फेकू नका. मशीन जुनं असेल तर आटे व्हिटवर्थचे (जुने ब्रिटिश इंची) असण्याची शक्यता मोठी आहे, देशात मेट्रिकचा कायदा १९५६ ला आला तरी वर्कशॉपमधून इंची आटे जायला खूप वर्षं लागली. अर्धा इंच व्हिटवर्थला एका इंचात १२ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंश, त्यात एम १२ चा बोल्ट दोन फेरे जातो मग अडकतो, पुढे पाना लावला की बिडातले आटे गेले. पिच गेज लावून बघा, बोल्ट तसाच हवा असेल तर टर्नरकडून बनवून घ्या.

क्विल बाहेर आली की आतलं जुनं ग्रीस वडी पडल्यासारखं घट्ट झालेलं दिसेल. रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने साफ करा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ एमएम. ६२०४ असेल तर २०, ४७, १४. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियरने मोजा आणि मापं घेऊन दुकानात जा. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असले की त्याला ५ ने गुणलं की आतला व्यास मिळतो. खालच्या बाजूला बऱ्याचदा वेगळं थ्रस्ट बेअरिंगही असतं, दाब घेणारं, ते मूळ होतं तर परत बसवा, गाळू नका. सगळी बेअरिंग्ज एकदाच बदला आणि नावाजलेल्या कंपनीची खात्रीच्या दुकानातून घ्या, डुप्लिकेट माल खूप आहे आणि सगळ्या मशीनचा जीव तिथेच आहे. बसवताना शाफ्टवर घट्ट बसणारं बेअरिंग आतल्या रिंगवरच दाबायचं, बाहेरच्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. गरम करून बसवायचं असेल तर सील असलेलं बेअरिंग ८० अंशाच्या वर नेऊ नका.

एवढं होईपर्यंत रंगाचं नाव काढू नका. जोडून, हाताने फिरवून, क्विल वर-खाली मऊ चालते ना बघून मगच मोटर घ्या, अर्धा एचपी, १४४० आरपीएम, सिंगल फेज पुरते. मुलगा बरोबर आहे ही फार छान गोष्ट आहे. प्रत्येक पार्ट काढताना त्याला मोबाइलवर फोटो काढायला सांगा, जोडताना तेच उपयोगी पडतात.

प्रश्न (नाशिक, अंबड): कंपनीतून लिलावात घेतलेलं बेंच ड्रिल आहे. चालतं छान पण ड्रिलचं टोक गोल फिरताना दिसतं आणि ८ चं भोक साडेआठचं पडतं. एक जण म्हणतो चक (ड्रिल पकडणारा जबडा) बदल, एक म्हणतो बेअरिंग गेलीत, एक म्हणतो स्पिंडल वाकलाय. पैसे कशात घालू?

उत्तर: कशातच नको, आधी मोजा. लिव्हर डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं उपकरण) आणि मॅग्नेटिक स्टँड पाहिजे, नसेल तर शेजारच्या टूलरूममधून मागून आणा.

पहिलं म्हणजे चकमध्ये ड्रिल लावून मोजायचं नाही. ड्रिलच वाकडं असू शकतं आणि टोकाला दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या नसतील तर मशीन एकदम सरळ असूनही भोक मोठंच पडतं. तुमचं निम्मं दुखणं इथेच असू शकतं, नवीन ड्रिल लावून बघितलंत का? मोजायला डॉवेल पिन किंवा रीमरची गोल ग्राइंड केलेली शँक चकमध्ये धरा, डायल टेकवा आणि पुली हाताने फिरवा. किती आउट आहे, म्हणजे काटा किती हलतो, ते लिहा. मग चक काढून डायल स्पिंडलच्या टेपरवर (चक किंवा आर्बर बसतो त्या निमुळत्या भागावर) लावा, आतून टेपर असेल तर आतून. इथे काटा जवळजवळ हलत नसेल तर स्पिंडल आणि बेअरिंग चांगली आहेत, दोष चकचा किंवा आर्बरचा (चक आणि स्पिंडल जोडणाऱ्या दांड्याचा). इथेही तेवढंच आउट असेल तर आत जावं लागेल. त्यानंतर क्विल अर्धी खाली आणा, हँडल लॉक करा आणि चक हाताने पुढे-मागे ढकला, काटा किती फिरतो बघा. तो क्विल आणि हेडमधला प्ले (ढिलेपणा), तो बेअरिंग बदलून जात नाही. काही हेडना पुढे किंवा बाजूला फट आणि आवळायचा बोल्ट असतो, तो जरासा आवळून बराच प्ले निघतो, नसेल तर हेड बोअर करून नवीन क्विल बनवणं आलं आणि ते लहान मशीनला परवडत नाही.

माझ्या मते अशा मशीनला चकमध्ये ०.०५ एमएम मिळालं तर खुश राहा, ०.१० पर्यंत घरगुती कामाला चालवून घ्या, त्याच्या वर असेल तर कारण शोधा.

चक काढायची पद्धत. स्पिंडलला लांबट आरपार खाच असेल तर आत मोर्स टेपर आहे, क्विल खाली आणली की खाच दिसते, त्यात ड्रिफ्ट म्हणजे चपटी पाचर घालून हलकी ठोकली की आर्बर सुटतो. (हा टेपर अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सने १८६४ च्या सुमारास काढला आणि आज अंबडमध्ये तोच वापरतात, मला याचं नेहमी कौतुक वाटतं.) खाच नसेल तर चक बहुतेक सरळ स्पिंडलच्या जेकब्स टेपरवर दाबून बसवलेला असतो, त्याला चक आणि क्विलच्या मधे दोन्ही बाजूंनी पाचरींची जोडी लावतात. हातोडीने चकवर बाजूने मारू नका, स्पिंडल तिथेच वाकतो.

आता खूप महत्त्वाचं. टेपर बाहेर आला की बोट फिरवा, कुठे बारीक फुगीर ओरखडा लागतो का बघा. पूर्वी कधीतरी ड्रिल अडकून आर्बर आत घसरलेला असतो आणि तिथे मटेरियल उठलेलं असतं, तेवढ्यानेही चक तिरका बसतो. बाहेरच्या टेपरवरचा उठाव बारीक ऑइलस्टोनने काढा, आतल्या टेपरला हाताने फिरवायचा मोर्स रीमर दोन-तीन हलके फेरे, बास, त्याला मशीन लावायचं नाही. मग दोन्ही टेपर स्पिरिटने पुसून एकदम कोरडे करा. टेपरला तेल लावून बसवायची सवय खूप लोकांना असते, पण तो कोरडाच धरतो. चकचे जॉ पूर्ण आत घ्या आणि खालून लाकडाच्या ठोकळ्याने एक खणखणीत ठोका द्या.

बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम एवढ्या साफसफाईने जातो, एक रुपया खर्च न होता.

प्रश्न (चिपळूण): २०२१ च्या पुरात मशीन पाण्यात गेलं होतं, तेव्हापासून तसंच आहे. बॅटरी चार्जर लावून गंज काढतात असं बघितलं, त्यासाठी घरातल्या स्टीलच्या जुन्या थाळ्या वापरल्या तर चालतील का? आणि मोटर तीच आहे, चालू करून बघू का?

उत्तर: ताई, दोन्हीला नाही. स्टेनलेस स्टील या कामाला वापरूच नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं आणि ते पाणी मग कुठे ओतणार? साध्या लोखंडाचे तुकडे, सळ्या, पत्रा घ्या. प्लास्टिकच्या टबात पाणी, ४-५ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या पार्टला आणि पॉझिटिव्ह त्या लोखंडाच्या तुकड्याला, दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. तारा उलट्या झाल्या तर तुमचाच पार्ट खाल्ला जाईल. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो म्हणून अंगणात करा, जवळ पेटतं काही नको, आणि टबात हात घालायच्या आधी चार्जर बंद. अ‍ॅल्युमिनियमची पुली यात टाकू नका, सोडा तिला खातो, आणि ती रिटर्न स्प्रिंगही टाकू नका, कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होऊन अचानक तुटतं. हल्लीचे बरेच ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी नसेल तर चालूच होत नाहीत, तुमचा तसा असेल तर चार्जर बिघडला असं समजू नका. टबातून काढलं की लगेच धुऊन, घासून, उन्हात कडकडीत वाळवून तेल लावा, कोकणातल्या हवेत तासाभरात परत लाली येते.

मोठा कॉलम टबात मावत नसेल तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळून वर प्लास्टिक लावा, सुटे छोटे पार्ट व्हिनेगरमध्ये टाका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र वर्कशॉपमध्ये आणू नका, त्याच्या वाफेने आजूबाजूची चांगली हत्यारंसुद्धा गंजतात.

मोटरबद्दल. पुराच्या पाण्याबरोबर बारीक चिखल आत जातो आणि तो वायंडिंगमध्ये, बेअरिंगमध्ये वाळून बसतो. प्लग लावून बघायचा प्रकार अजिबात नको, शॉक बसू शकतो. रीवाइंडिंगवाल्याकडे न्या, उघडून साफ करून वाळवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायला सांगा, ५०० व्होल्टला निदान १ मेगओम तरी आला पाहिजे, कमी आला तर रीवाइंड करून घ्या. स्पिंडलची बेअरिंग्जही फिरवून बघू नका, आत वाळू असेल तर फिरवल्याने शाफ्ट आणि हाउसिंगसुद्धा खराब होऊ शकतात, सरळ काढून नवीन टाका. तुम्ही एवढी वर्षं ते मशीन ठेवलंत, टाकून दिलं नाहीत, ते वाया जाणार नाही.

प्रश्न (पिंपरी): मशीनवर मूळची थ्री फेज मोटर आहे, घरी सिंगल फेज. मोटर बदलू की ड्राइव्ह लावू?

उत्तर: मोटरची प्लेट वाचा. त्यावर २३०/४१५ असं आणि डेल्टा/स्टार असं लिहिलेलं असेल तर डेल्टा जोडून सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) ती मस्त चालते, कारण असा ड्राइव्ह बाहेर थ्री फेज देतो पण २३० व्होल्टच देतो. नुसतं ४१५ स्टार लिहिलंय आणि बॉक्समध्ये तीनच तारा असतील तर रीवाइंडिंगवाला आतला स्टार पॉइंट उघडून सहा तारा बाहेर काढून देऊ शकतो, वायंडिंग जुनं असेल तर तारा तुटायचा धोका आहे हे आधी बोलून घ्या. कपॅसिटर लावून थ्री फेज मोटर सिंगलवर फिरवून देणारेही भेटतील पण तिची पूर्ण ताकद मिळत नाही.

ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे स्विच घालू नका, चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून करा. आणि स्पीड कमी करायला ड्राइव्ह आहे म्हणून बेल्ट बदलायचाच नाही असं करू नका. बेल्टने स्पीड कमी केला की ओढ वाढते, ड्राइव्हने कमी केला की वाढत नाही, वर मोटरचा पंखाही सावकाश फिरतो आणि ती तापते. १२ चं भोक पाडायचंय तर बेल्ट खालच्या स्पीडलाच हवा. अर्थिंग नीट करून घ्या, घरातला आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) ड्राइव्हमुळे उगाच ट्रिप होत असेल तर त्याला बायपास न करता इलेक्ट्रिशियनला दाखवा.

हे सगळं झेपत नसेल तर सिंगल फेज मोटर घ्या आणि विषय संपवा, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न (न्यू जर्सीहून पुण्याला परत येणारे वाचक): इथे गॅरेज सेलमध्ये एक जुनं अमेरिकन ड्रिल प्रेस मिळालं, सामानाबरोबर आणतोय. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना?

उत्तर: चालेल पण चालवू नका. ती मोटर ११५ व्होल्ट ६० हर्ट्झची आहे, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झवर १७२५ ची मोटर १४४० च्या आसपास फिरेल आणि जास्त तापेल. मोटर तिथेच कोणाला तरी द्या, वजनही वाचेल, इथे नवीन लावा. फक्त पुलीचं बघा, तिथल्या मोटरचा शाफ्ट बहुतेक ५/८ इंच म्हणजे १५.८७५ एमएम असतो आणि आपल्याकडे या ताकदीच्या मोटरला १४ किंवा १९ एमएम. पुलीचा बॉस (शाफ्ट बसतो तो मधला भाग) जाड असेल तर १९ ला बोअर करून नवीन की-वे काढून घ्या, १४ साठी पातळ बुश घालण्यापेक्षा ते चांगलं. निघायच्या आधी तिथल्या आट्यांचे थोडे सुटे नट-बोल्ट पिशवीत टाका, यूएनसी (अमेरिकन इंची आटे) आणि आपल्याकडचे जुने व्हिटवर्थ दिसायला सारखे पण एक नाहीत.

प्रश्न (लातूर, पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी): स्टेप पुलीवर कुठल्या ड्रिलला कुठला स्पीड ठेवायचा? चार्ट फाटलाय.

उत्तर: चार्टची गरज नाही, कटिंग स्पीड मीटर प्रति मिनिट घे, १००० ने गुण, ड्रिलच्या व्यासाने आणि ३.१४ ने भाग. साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला) हायस्पीड स्टीलचं ड्रिल असेल तर २५ ते ३० मीटर धर, म्हणजे ६ एमएमला १४०० च्या आसपास, १० ला साडेआठशे-नऊशे, १३ ला साडेसहाशे. बिडाला थोडा कमी, अ‍ॅल्युमिनियमला दुप्पट, स्टेनलेसला निम्मा आणि दाब मात्र सोडायचा नाही, घासत राहिलं की स्टेनलेस कडक होतं. तुझ्या पुलीवर नेमका आकडा नसेल तर त्याच्या खालचा घे. बेल्ट जुना असेल आणि एकाच जागी थांबून त्याला आकार आला असेल तर मशीन थरथरतं, नवीन ए सेक्शनचा घ्यायला लाव, त्यावरचा नंबर म्हणजे आतली लांबी इंचात.

प्रश्न (ठाणे): माझा १४ वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर जुनं ड्रिल मशीन दुरुस्त करतोय. मला कौतुकही वाटतं आणि भीतीही. काय काळजी घ्यायला सांगू?

उत्तर: ताई, आजोबा आहेत तोपर्यंत हे शिकून घेऊ द्या. पण काही नियम दोघांनाही लागू. ड्रिल फिरत असताना हातमोजे घालायचे नाहीत, हे लोकांना उलटं वाटतं, पण मोजा ड्रिलमध्ये गुंतला की बोटांसकट ओढतो. पूर्ण बाह्या, गळ्यातला मफलर, मोकळे केस, आजोबांच्या धोतराचा सोगा यातलं काही मशीनजवळ नको. पत्रा हातात धरून भोक पाडायचं नाही, ड्रिल आरपार जाताना पत्रा पकडतं आणि तो फिरतो, व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्प लावूनच. चकची चावी चकमध्ये सोडायची नाही. चष्मा कायम. निघालेली भुसकट हाताने किंवा फुंकरीने नाही, ब्रशने काढायची, मशीन थांबल्यावर.

आणि जुना रंग कोरडा घासू देऊ नका. भारतात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमवर आणायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, मशीनवरचा जुना रंग त्याच्या कितीतरी आधीचा, शिसं असणार असंच धरून चाला. पेंट रिमूव्हर लावून मोकळ्या हवेत (या कामाला मात्र रबरी मोजे हवेत) किंवा पाण्याचा पॉलिश पेपर ओला ठेवून घासा, मास्क लावा, गाळ कागदात गुंडाळा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका.

प्रश्न (फोंडा, गोवा): मशीन पूर्ण तयार झालं, नवीन बेअरिंग, नवीन चक, आउट एकदम कमी. तरी भोक तिरकं जातं. टेबलवर जुनी भोकंही खूप आहेत, टेबल बदलावं का?

उत्तर: टेबल बदलू नका. ती जुनी भोकं त्रासदायक ठरत असतील तर इपॉक्सी पुट्टी भरून सपाट घासा किंवा टर्नरकडून बिडाचे बुच करून ठोका, पण त्याने भोक तिरकं जात नाही. तुमचं टेबल स्पिंडलशी काटकोनात नाही.

तपासायला फार काही लागत नाही. जाड तार झेडसारखी वाकवून चकमध्ये धरा, तिचं टोक टेबलच्या कडेजवळ येईल इतकी लांब ठेवा आणि क्विल एवढी खाली आणा की टोक टेबलला जेमतेम टेकेल, क्विल तिथेच लॉक. आता पुली हाताने फिरवून टोक समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे न्या. एका बाजूला घासतं आणि समोरच्या बाजूला फट दिसते ना, ती फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा. डायल असेल तर तारेच्या जागी डायल लावा, अजून चांगलं. डावी-उजवी चूक टेबलच्या खालचा मोठा बोल्ट ढिला करून निघते, काही मशीनला तिथे लोकेटिंग पिन असते, ती काढावी लागेल. पुढे-मागेची चूक असेल तर बहुतेक मशीनला अ‍ॅडजस्टमेंट नसते, टेबल आणि ब्रॅकेटच्या मधे शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालावी लागते, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घ्या, तो साधारण दशांश एमएमचा असतो आणि या कामाला उत्तम.

हे सगळं करायच्या आधी टेबलचा आणि ब्रॅकेटचा जोड उघडून बघा, दोन पृष्ठभागांमध्ये जुना रंग किंवा भुसकट अडकलेली असेल तर तीच चूक असू शकते. रंग देताना ही जागा मास्किंग टेप लावून वगळायची असते, तुम्ही नुकताच रंग दिला असेल तर पहिली शंका तिथेच. आणि माप नेहमी कॉलमचा क्लॅम्प पूर्ण आवळून घ्या, ढिला असताना टेबल पुढे झुकतं आणि आवळल्यावर परत जागेवर येतं, त्यामुळे ढिल्या क्लॅम्पवर लावलेली शिम चुकीचीच बसते. आवळून, मोजून, मग टेबल खाली नेऊन परत आवळून मोजा. दोन उंचींना वेगळी मापं आली तर कॉलम आणि ब्रॅकेटमध्ये प्ले आहे, मग ज्या उंचीवर जास्त काम करता तिथे सेट करा आणि मला दोन्ही मापं आणि कॉलमचा व्यास लिहून पाठवा, पुढच्या अंकात त्यावर सांगतो.